धुळ्यात मापावर करून घेतलेले पोथ्यांचे डबे, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात हस्तलिखितांच्या कामावर आहे, आणि ज्यांच्या घरी जुन्या पोथ्या नाहीतर मोडी कागद आहेत त्यांचा मला एकच प्रश्न असतो, ताई हे ठेवायचं कशात. तर धुळ्यात पाचकंदीलच्या बाजूला एका गल्लीत खोके बनवणारे एक काका आहेत, मूळ धंदा मिठाईच्या नि साड्यांच्या खोक्यांचा, त्यांच्याकडून मी पोथ्यांसाठी डबे करून घेतले. मे महिना आणि त्यानंतरचा पावसाळा असं दोन्ही त्या डब्यांनी बघून झालंय म्हणून आता लिहितेय. मला हे डबे मनापासून आवडलेत.

आधी ऑनलाइन मागवून बघितले होते. कंपनीचं नाव घेत नाही. वर मोठ्या अक्षरात अॅसिड-फ्री छापलेलं, बाहेरून एकदम देखणे, पण पीएच पेनने आतल्या पुठ्ठ्यावर रेघ ओढली तर ती जांभळी व्हायला पाहिजे ती पिवळीच राहिली, म्हणजे पुठ्ठ्यात आम्ल आहे. वरचा कागद तेवढा चांगला नि आत नेहमीचाच माल. शिवाय माप सगळं फाइलचं. आपली पोथी आडवी असते, लांब आणि अरुंद, पानं सुटी, ती फाइलच्या डब्यात इकडून तिकडे सरकते आणि दरवेळी डबा उचलला की कोपरे झडतात.

आम्लाचं एवढं काय असं लोक विचारतात. आपल्या एरंडोलला आणि यावलला पूर्वी हातकागद व्हायचा, चांगला नावाजलेला होता. तसला जुना हातकागद चिंध्यांच्या, तागाच्या लगद्याचा, त्याचे धागे लांब आणि मजबूत, म्हणून तो टिकतो. नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यात लिग्निन नावाचा लाकडातला घटक असतो, वर तुरटीची प्रक्रिया, तो स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडून कुरकुरीत होतो आणि शेजारच्या कागदालाही ते आम्ल लावतो. कितीतरी घरांत मी बघितलंय, आतली पोथी शाबूत आणि आजोबांनी ज्या वर्तमानपत्रात ती गुंडाळली त्याचे हात लावताच तुकडे, आणि पोथीच्या पहिल्या पानावर त्या पेपरच्या घडीचा तपकिरी डाग जसाच्या तसा उठलेला! पानात काही बिघाड नव्हता, बिघाड आवरणाने केला, म्हणून मी डब्यासाठी एवढी हटून बसते.

आता काकांचं काम. कापसाच्या चिंध्यांचा जाड बोर्ड मी स्वतः आणून दिला, आधी पेनने तपासून. काकांनी पहिल्यांदा पोथी बघितली तेव्हा हात पुसून लांबूनच म्हणाले, "ताई, हाई कितलं जुनं शे?" मी सांगितल्यावर त्यांनी टेप बाजूला ठेवला आणि कागदाच्या पट्टीने माप घेतलं, पोथीला टेपचा पत्रा लागायला नको म्हणून. मी सांगितलं नव्हतं हे. लांबी, रुंदी, आणि वरच्या-खालच्या लाकडी फळ्यांसकट जाडी तीन ठिकाणी मोजली, कारण जुनी पोथी मधे फुगलेली असते.

पिन एकही नाही. साध्या खोक्याच्या कोपऱ्यांना पिना मारतात, त्या पावसाळ्यात गंजतात आणि गंज कागदात उतरतो. इथे कोपरे कापडी पट्टीने जोडलेत. चिकटवायला ते नेहमी मैद्याची खळ वापरतात आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, सगळे बाइंडर घालतात. पण मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांब्याने कागद लवकर सडतो, म्हणून मी न्यूट्रल, म्हणजे आम्ल नसलेला, पीव्हीए गोंद नेऊन दिला. काकांनी काही आढेवेढे घेतले नाहीत, फक्त सुकायला एक दिवस जास्त लागेल म्हणाले आणि खरंच पूर्ण सुकवून, वास गेल्यावरच दिले. एक बाजू खाली पडते असं झाकण केलंय, म्हणजे पोथी वरून ओढून काढावी लागत नाही, फळीसकट सरकवून घेता येते. कामाची गोष्ट आहे ही.

आत पोथी रुमालातच बांधायची, ती आपली जुनी पद्धत उत्तमच आहे. मांजरपाट घ्या, गरम पाण्यात धुऊन त्याची खळ पूर्ण काढा, नाहीतर कसर त्या खळीसाठीच येते. लाल खारवा घेणार असाल तर ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. काजळाची शाई पाण्याने पसरते आणि वरून कापडाचा रंग लागला तर काही करता येत नाही.

खानदेशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, कागद पार कोरडा पडतो, आणि जूनमध्ये एकदम दमट. हा झटका कागदाला मारतो. जाड बोर्ड आणि आत सुती कापड असलं की ओलावा हळूहळू येतो, हळूहळू जातो. पावसाळ्यात डब्यातला आर्द्रतेचा काटा बाहेरच्या काट्यासारखा उड्या मारत नव्हता, बुरशीचा वास नाही, पानं एकमेकांना चिकटलेली नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र ओलावा कोंडतो. आणि लॅमिनेशन तर कृपा करून करू नका, कोणी कितीही स्वस्तात करून देत असलं तरी, ते परत निघत नाही.

उणिवा आहेत. झाकण सुरुवातीला फार घट्ट बसतं, वयस्कर माणसाला त्रास होईल, थोडं सैल करायला सांगा. डब्यावर लेबलची जागा नाही, मी पेन्सिलने लिहून बाहेरून पट्टी लावली. वाळवीला पुठ्ठा काय अडवणार, डबे भिंतीपासून लांब, लोखंडी रॅकवरच ठेवा. मोठ्या डब्याला बोर्ड धरून साडेतीनशेच्या आसपास पडले, ऑनलाइनच्या निम्म्याहून कमी. बोर्ड मात्र तुम्हालाच आणावा लागेल, काकांकडे तो नसतो आणि साध्या पुठ्ठ्यात करून घेतलात तर सगळीच मेहनत वाया.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी ज्या गावात शेवटपर्यंत जुने कागद जमवले, जिथे समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं आहेत, त्या धुळ्यात हे काम मनापासून करणारा माणूस मिळाला याचा मला फार आनंद आहे. व्हॉट्सअॅपवर माप पाठवलेलं त्यांना चालत नाही, पोथी नाहीतर तिच्या मापाची कागदी पट्टी घेऊन जावं लागतं. आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत जाऊ नका, तेव्हा मिठाईच्या खोक्यांत त्यांना मान वर करायला फुरसत नसते.