घरच्या फर्म्यावर शिवलेले बूट : सात महिन्यांनंतर

माझा चवडा रुंद, टाच बारीक. ९ नंबर घेतला की टाच सटकते, ८ घेतला की करंगळी सोलते. त्यात डावा पाय उजव्याहून ६ मिलिमीटर लांब. आपल्याकडच्या ब्रिटिश मापात एक नंबर साधारण साडेआठ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ पाऊण नंबराचा फरक! म्हणून दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच्या पायांचे फर्मे, म्हणजे ज्यावर बूट शिवतात ते पायाच्या आकाराचे ठोकळे, घरीच केले.

कृती सोपी वाटते. जुना मोजा, त्यावर प्लास्टिकची फिल्म, वर कापडी चिकटपट्टीचे तीन थर. वरून चीर देऊन पाय बाहेर काढायचा, चीर चिकटवायची आणि आत प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचं. पहिला जोड त्यावरच शिवला आणि पंधरा मिनिटांत पायातून काढला. नाक्यावरच्या बूट दुरुस्तीवाल्या काकांना फर्मा दाखवला. ते म्हणाले, "हा बसलेल्या माणसाचा पाय झाला. चालताना बोटं पुढे सरकतात, त्यांना जागा कुठाय?"

मग बोटांपुढे १२ मिलिमीटर वाढवले, टाचेच्या बाजू कानशीने उतरवल्या आणि तळाची कड नीट काढली. ही कड गोलसर राहिली तर कातडं नेमकं कुठे वळवायचं तेच कळत नाही.

प्लास्टरमध्ये खिळा मारला की टवका उडतो. त्यामुळे ओलं कातडं फर्म्यावर ताणून दोरीने आवळलं, वाळल्यावर त्याची कड आत न वळवता बाहेर वळवून तळाला शिवली. दिसायला जरा गावठी, पण खिळे लागत नाहीत. फर्मा काढताना मात्र डावा घोट्याशी तुटला. विकतच्या फर्म्यांना मध्ये बिजागरी का असते, ते कळलं!

चालायला उत्तम. रोज ऑफिसला वापरतो, करंगळी शांत आहे. महिन्याभरात कातडं सैलावलं, तेव्हा आत एक पातळ तळ घातला. पण कातडं बाभूळ-हिरड्यात कमावलेलं, जूनमध्ये दोनदा भिजलं आणि वाळून पापडासारखं कडक झालं. खोबरेल चोळून मऊ केलं, तरी शिवणीत बुरशी आलीच. आता पावसाळाभर रबरी चपला.

आधी जाड कापडाचा एक कच्चा जोड शिवून बघा. मी तो टाळला आणि चांगलं कातडं वाया घालवलं. पुढचा फर्मा दोन तुकड्यांत ओतणार आहे, मध्ये लाकडाची पाचर. बायकोच्या मापाचा. तिने अजून होकार दिलेला नाही.