जुना कॉम्प्युटर नेटवर्कवर आणायचाय: जुना राउटर, सीरियल वायफाय मोडेम की रास्पबेरी पाय?

कपाटात पडलेला जुना वायफाय राउटर टाकून देण्याआधी जुन्या कॉम्प्युटरची मागची बाजू नीट बघा. तिथे लॅन केबलचं पोर्ट असेल किंवा नेटवर्क कार्डासाठी स्लॉट मोकळा असेल, तर राउटर ठेवा. फक्त सीरियल पोर्ट असेल, तर ईएसपी८२६६ चिपचा वायफाय मोडेम घ्या. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरकडे वळायची कारणं वेगळी आहेत, ती पुढे येतीलच.

बहुतेक जण आधी जुन्या लॅपटॉपमध्ये त्याच काळातलं पीसीएमसीआयए (बाजूच्या खाचेत बसणारं) वायफाय कार्ड घालून बघतात. ८०२.११बी हे मानक १९९९चं, वेग ११ एमबीपीएस. पण अडतं ते वेगापाशी नाही, पासवर्डपाशी. यातल्या बऱ्याच कार्डांना फक्त डब्ल्यूईपी, म्हणजे वायफायचं सुरुवातीचं एन्क्रिप्शन, कळतं. ते किती कच्चं आहे हे २००१मध्येच दाखवून झालंय. त्याहून मजबूत डब्ल्यूपीए२ आलं २००४मध्ये, आणि ते पेलणारे ड्रायव्हर या कार्डांना सहसा मिळत नाहीत. अशा कार्डासाठी जुन्या राउटरवर डब्ल्यूईपीचं वेगळं नेटवर्क उभं करता येतं. मात्र घरच्या नेटवर्कला ते अजिबात जोडू नका, आणि काम झालं की राउटर बंद करा.

राउटरचा खरा उपयोग आहे तो क्लायंट ब्रिज म्हणून. जुना राउटर घरचं वायफाय पकडतो आणि आपल्या लॅन पोर्टमधून पुढे देतो. कॉम्प्युटरला वाटतं, भिंतीतून साधी केबल आली आहे. एन्क्रिप्शनचं सगळं ओझं राउटर उचलतो, ४८६ प्रोसेसरवर त्याचा भार पडत नाही. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी यासाठी प्रसिद्ध आहे. २००३मध्ये त्याच्या फर्मवेअरचा (आतल्या सॉफ्टवेअरचा) सोर्स कोड खुला झाला आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी आणि डीडी-डब्ल्यूआरटी ही राउटरवर टाकता येणारी, ब्रिजची सोय देणारी पर्यायी फर्मवेअर उभी राहिली. पण खालचं स्टिकर वाचल्याशिवाय हात घालू नका. पाचव्या आवृत्तीत फ्लॅश २ एमबी आणि रॅम ८ एमबीवर आणली गेली, त्यामुळे डीडी-डब्ल्यूआरटीची फक्त मायक्रो आवृत्ती त्यात बसते. डब्ल्यूआरटी५४जीएलमध्ये ४ आणि १६ एमबी आहे. हातात जीएल असेल तर अर्धं काम झालंच म्हणा.

दोन अटी मात्र आहेत. हे राउटर २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि डब्ल्यूपीए२च्या पुढचं डब्ल्यूपीए३ त्यांना कळत नाही. म्हणजे घरच्या राउटरवर २.४चं नेटवर्क डब्ल्यूपीए२सह चालू हवं.

जोडणी झाली की विंडोज ९८वर 'विनआयपीसीएफजी' हा आयपी पत्ता दाखवणारा प्रोग्राम चालवा. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून काहीच आलेलं नाही. 'रिन्यू ऑल' दाबल्यावर १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता दिसला की समजावं, मशीन आत आलं. पंचवीस वर्षांच्या कॉम्प्युटरवर तो आकडा उमटताना बघण्यात जो आनंद आहे, त्यासाठी एक संध्याकाळ खुशाल घालवावी.

या जुन्या पोर्टांची आणखी एक बाजू मला फार मोलाची वाटते. एनई२००० जातीची जुनी लॅन कार्डं १० एमबीपीएसवर बोलतात. हल्लीची काही २.५ गिगाबिटची पोर्टं इतक्या खाली उतरतच नाहीत. जुना राउटर १० आणि १०० दोन्ही बिनतक्रार घेतो. दोन जुने कॉम्प्युटर एकाच राउटरच्या लॅन पोर्टांना लावले, तर आयपीएक्स या जुन्या नेटवर्क प्रोटोकॉलवर 'डूम' हा गेमसुद्धा खेळता येतो. तेच आयपीएक्स किंवा जुन्या मॅकचं ॲपलटॉक वायरलेस ब्रिजपलीकडे जाईल याची खात्री नसते, कारण साध्या क्लायंट ब्रिजची भिस्त आयपीवर असते.

सीरियल वायफाय मोडेमचं गणित वेगळं. एटीडीटी या मोडेमच्या डायल कमांडने फोन लावावा तसं टेलनेटवरच्या बीबीएसला (जुन्या काळच्या ऑनलाइन संदेश-फलकाला) जोडता येतं, आणि तो अनुभव राउटर देऊ शकत नाही. पण ९६०० बॉडवर सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात. १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीएवढा मजकूर उतरवायला पंचवीस मिनिटं लागतात. ११५२०० बॉडवर तेच काम दोन मिनिटांत होतं, पण त्यासाठी १६५५० यूएआरटी (सीरियल पोर्टची चिप) हवी. जुन्या ८२५०ला एवढा वेग झेपत नाही, अक्षरं गळतात. फाइली हलवायच्या असतील तर डॉसवर एमटीसीपी हा नेटवर्क प्रोग्रामांचा संच आणि लॅन कार्ड हीच जोडी घ्या. एमटीसीपीचा एफटीपी सर्व्हर ८०८८ प्रोसेसरवरही चालतो.

रास्पबेरी पाय ब्रिजचं काम करतो, पण तेवढ्यासाठी तो आणू नका. राउटर ज्याला हात लावू शकत नाही अशी दोन कामं तो करतो. एक, सांबाचा जुना प्रोटोकॉल किंवा नेटाटॉक चालू करून जुन्या विंडोज आणि मॅकसाठी फाइल सर्व्हर होणं. दुसरं, प्रॉक्सी बनून आजच्या एचटीटीपीएस साइट जुन्या ब्राउझरपुढे साध्या एचटीटीपीत मांडणं. जुन्या ब्राउझरला आजचं टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) येत नाही, त्यामुळे राउटरने नेट आणून दिलं तरी बहुतेक साइट उघडत नाहीत. वेब बघणं हाच हेतू असेल तर पाय हवाच. जुना राउटर त्याच्यासोबत स्विच म्हणून ठेवा: डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद, केबल वॅनमध्ये नव्हे तर लॅन पोर्टमध्ये.

आणि अडॅप्टर लावण्याआधी व्होल्टेज वाचा. डब्ल्यूआरटी५४जीची पहिली आवृत्ती ५ व्होल्टवर चालते, नंतरच्या १२वर, आणि पिन सारखीच दिसते.