खऱ्या केसांचे क्लिप-इन एक्स्टेंशन: काही महिन्यांच्या वापरानंतर

१८ इंच लांबी, १६० ग्रॅम वजन, सात पट्ट्या, सोळा क्लिपा, नैसर्गिक काळा रंग: असा आपल्या केसांत क्लिपांनी अडकवायच्या जादा केसांच्या पट्ट्यांचा, रेमी केसांचा संच. लग्नकार्यात आणि ऑफिसात, अख्खा पावसाळा धरून वापरून झाला. केस अजून मऊ आहेत, टोकं जराशी विरळ झालीत, दोन क्लिपा गंजल्या. पैसे वसूल झाले, आणि त्याचं बरंचसं श्रेय खरेदीच्या वेळी केलेल्या पारखीला आहे.

‘रेमी’ म्हणजे सगळ्या केसांची मुळं एका बाजूला, टोकं दुसऱ्या बाजूला. केसावरचे क्युटिकलचे खवले छपरावरच्या कौलांसारखे मुळाकडून टोकाकडे एकावर एक चढलेले असतात. दिशा एक असली की केस एकमेकांवरून घसरतात. उलटसुलट मिसळले की खवले एकमेकांत अडकतात आणि मानेपाशी गाठी धरतात. तिरुमला देवस्थानात अर्पण होणारे केस लांबीनुसार प्रतवारी करून ई-लिलावात विकले जातात. मुंडणातले लांब केस एकत्र निघतात, म्हणून त्यांची दिशा राखता येते. आपल्याकडे ‘केसांवर फुगे’ अशी आरोळी देत फेरीवाले गोळा करतात ते गुंतवळ. त्यात मुळं-टोकं मिसळलेलीच असणार. असे केस गुंतू नयेत म्हणून सहसा आम्लाने क्युटिकल काढून वर सिलिकॉन चढवतात. दुकानात हेच केस सगळ्यात जास्त चमकतात, आणि काही धुण्यांत सिलिकॉन उतरलं की झाडूसारखे राठ होतात. म्हणून काचेसारखी चमक दिसली की हात मागे घ्यावा.

पारख दुकानातच करावी. पंधरा-वीस केसांची बट चिमटीत धरून बोटं टोकाकडून मुळाकडे सरकवा. किंचित खरखर लागली आणि उलट दिशेला लागली नाही, तर क्युटिकल शाबूत आहे. दोन्हीकडे सारखंच गुळगुळीत लागलं, तर वर सिलिकॉन असण्याची शक्यता मोठी. एक-दोन केस जाळून पाहायला विक्रेत्याने हरकत घेतली, तर तिथून घेऊच नये. खरा केस जळका वास देत राख होतो, चुरला तर भुगा पडतो. सिंथेटिक वितळून कडक मणी बनतो. भेसळ असते, म्हणून केस दोन-तीन पट्ट्यांमधून घ्या.

वजन ग्रॅममध्येच विचारावं. खांद्यापर्यंतच्या पातळ केसांना १६ इंचांत १०० ते १२० ग्रॅम पुरतात. १८ ते २० इंचांत १६० च्या खाली गेलात तर खालचा भाग शेपटीसारखा दिसतो. ‘डबल ड्रॉन’ केसांतून आखूड केस काढून टाकलेले असल्याने टोकाशी भरीवपणा टिकतो. किंमत जास्त, पण मोकळे सोडायचे असतील तर तेच घ्यावेत. नुसत्या अंबाड्यासाठी किंवा वेणीसाठी हवे असतील तर साधं गंगावन पुरतं. रंग जुळवताना आपल्या केसांची टोकं पट्टीला लावून दिवसाच्या उजेडात पाहा. मुळांशी जुळवलेला रंग खाली वेगळा दिसतो. गरज पडली तर गडद करता येतो, ब्लीच मात्र करू नये.

लावताना मानेच्या केसरेषेपासून दोन बोटं वर आडवा भांग पाडा, मुळाशी उलटा कंगवा फिरवून तिथे क्लिप बसवा. क्लिपच्या आतली सिलिकॉनची पट्टी निघाली असेल तर क्लिप घसरते. भुवईच्या उंचीच्या वर रुंद पट्टी लावली की कडा दिसते. रोज त्याच जागी लावू नका, सततच्या ओढीने तिथले केस विरळ होतात. गजरा माळताना आकडा पट्टीच्या शिवणीत खुपसला तर टाके उसवतात आणि केस झडू लागतात. पट्टी कापावी लागली तर कापलेल्या कडेवर कापडाचा गोंद लावा, नाहीतर शिवण उलगडत जाते.

या केसांना टाळूचं तेल मिळत नाही, त्यामुळे जास्त धुणं हाच मोठा शत्रू. पंधरा-वीस वेळा लावल्यावर एकदा धुणं पुरे. आधी टोकाकडून वर जात गुंता सोडवा. मग कोमट पाण्यात सल्फेट नसलेला शाम्पू मिसळून पट्टी एकाच दिशेने हाताने निथळत धुवा. चोळलीत तर खवले उचकटतात. कंडिशनर शिवणीपासून दोन इंच खाली लावा, शिवणीला लागला तर केस सुटतात. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्याने करा; क्षार बसले की केस राठ होतात, सीरमही धरत नाहीत. पंच्यावर सपाट ठेवून सावलीत वाळवा. खोबरेल थापू नका, त्यावर धूळ बसते. टोकांना सीरमचे दोन-तीन थेंब बास. इस्त्री १५० अंशांच्या आत, आणि केस पूर्ण कोरडे असतानाच.

पावसाळ्यात दमट पट्ट्या डब्यात बंद झाल्या तर क्लिपा गंजतात आणि गंजाचे डाग केसांवर उतरतात. सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा. गंजकी क्लिप सुईदोऱ्याने काढून नवी शिवता येते. टोकं राठ झाली की इंचभर छाटून घ्या. पार विरळ झालेल्या पट्ट्या टाकू नका, दोन एकत्र शिवून घातल्या तर खोप्याला आतून चांगला भरीवपणा येतो.