सल्लागारामार्फत आलिशान हॉटेलांचे बुकिंग : वर्षभराच्या वापरानंतर

गेले वर्षभर मी सुट्टीतल्या मुक्कामांसाठी महागड्या हॉटेलांचे जवळपास सगळे बुकिंग एका प्रवास-सल्लागारामार्फत करते आहे. त्याआधी बरीच वर्षे हॉटेलच्या संकेतस्थळावरून थेट किंवा बुकिंगच्या मोठ्या संकेतस्थळांवरून खोल्या घेत असे, त्यामुळे तुलनेला पुरेसा आधार आहे. या पद्धतीने काय पदरात पडले, कुठे मनस्ताप झाला आणि कोणत्या मुक्कामांसाठी मी ती आता वापरत नाही, हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ही व्यवस्था चालते कशी ते सांगायला हवे. फोर सीझन्सचा ‘प्रेफर्ड पार्टनर’, रोझवूडचा ‘एलिट’, मँडरिन ओरिएंटलचा ‘फॅन क्लब’, बेलमंडचा ‘बेलिनी क्लब’, हयातचा ‘प्रिव्हे’ या हॉटेल-कंपन्यांच्या, निवडक प्रवास-एजन्सींसाठी असलेल्या योजना आहेत. पाहुण्याला त्यांचे सभासद होता येत नाही, योजनेत असलेल्या एजन्सीकडून बुकिंग करता येते एवढेच. ‘व्हर्चुओसो’सारखी सल्लागारांची जाळीही साधारण याच धर्तीवर काम करतात. खोलीचा दर हॉटेलच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या, रद्द करता येण्याजोग्या दराइतकाच असतो. त्यावर बहुधा दोघांचा रोजचा नाश्ता, मुक्कामात एकदा वापरता येईल असे ठरावीक रकमेचे, बिलातून वजा होणारे क्रेडिट, आणि उपलब्धता असेल तर वरच्या वर्गातली खोली, लवकर चेक-इन आणि उशिरा चेक-आउट एवढ्या गोष्टी मिळतात. सल्लागाराचे कमिशन हॉटेल देते, तेही पाहुणा राहून गेल्यानंतर; ते साधारणपणे कर वगळून खोलीभाड्याच्या १० टक्क्यांच्या आसपास असते. काही सल्लागार आखणीची वेगळी फी घेतात, तेव्हा ते पहिल्याच बोलण्यात विचारून घ्यावे.

मला सर्वांत मोठा फरक जाणवला तो खोलीच्या वाटपात. वर्गाचे नाव एकच असले तरी त्या वर्गातल्या सगळ्या खोल्या सारख्या नसतात. एखादी लिफ्टसमोर असते, एखाद्या खोलीच्या खिडकीखाली मालाची वाहने थांबतात, तर एखादीला शेजारच्या खोलीत उघडणारे जोडदार असते. हे जोडदार म्हणजे पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन दरवाजे. कितीही उत्तम हॉटेल असो, त्यांच्या खालच्या फटीतून शेजाऱ्यांचा टीव्ही, फोनवरचे बोलणे आणि पहाटेचा गजर असे सगळे आत येते. कोणता पाहुणा कोणत्या क्रमांकाच्या खोलीत जाणार हे रिसेप्शनवर, आपण समोर उभे असताना ठरते असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या हॉटेलांत येणाऱ्यांची यादी आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी सकाळीच पाहिली जाते आणि खोल्या राखून ठेवल्या जातात. त्या यादीत वारंवार येणारे पाहुणे, वरच्या श्रेणीचे सभासद आणि पसंतीच्या एजन्सीकडून आलेले पाहुणे आधी पाहिले जातात, तर सवलतीच्या संकेतस्थळांवरून आलेल्यांचा क्रम शेवटी लागतो. अशा संकेतस्थळांवरून आलेल्या पाहुण्याचा खरा ईमेलही हॉटेलला अनेकदा मिळत नाही, मग त्याची आवडनिवड कळण्याचा प्रश्नच नाही.

माझी सल्लागार प्रत्येक मुक्कामाच्या काही दिवस आधी हॉटेलच्या आरक्षण विभागाला एक छोटा ईमेल पाठवते : लिफ्टपासून दूर, वरचा मजला, जोडदार नको, पिसांच्या उशा नकोत. मजकूर साधाच आहे, पण तो हॉटेलमधल्या ओळखीच्या माणसाकडे जातो आणि खोल्या राखण्याच्या आधी पोहोचतो. वर्षभरात एक अपवाद सोडला तर या चारही गोष्टी पाळल्या गेल्या. थेट बुकिंग करताना ‘विशेष विनंती’च्या चौकटीत मी हेच लिहीत असे आणि निम्म्या वेळा तरी ते कोणी वाचलेले नसे.

अपग्रेडबद्दल मात्र फार आशा बाळगू नये. एक वर्ग वर म्हणजे अनेक ठिकाणी तीच खोली, तेवढेच क्षेत्रफळ, फक्त खिडकी बागेऐवजी समुद्राकडे. हॉटेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक वर्गाचे चौरस मीटर दिलेले असतात. ते आधी पाहून ठेवले की आपल्याला नेमके काय मिळाले ते कळते. साध्या खोल्यांतला सर्वांत वरचा वर्ग घेऊन अपग्रेडमध्ये सूट (suite), म्हणजे बैठकीची वेगळी जागा असलेला मोठा कक्ष, मिळेल असा हिशेब काही जण मांडतात, परंतु मोफत अपग्रेड ही सीमा क्वचितच ओलांडतो, कारण सूट विकल्या गेल्या नाहीत तरी शेवटच्या क्षणापर्यंत त्यांना गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता हॉटेल सोडत नाही. अपग्रेड न मिळताही समाधान होईल असाच वर्ग घ्यावा, हे धोरण मला मानवले. काही योजनांत उपलब्धता असेल तर अपग्रेड बुकिंगच्या वेळीच पक्का करून मिळतो. सल्लागाराला तसे स्पष्ट विचारणे हिताचे.

क्रेडिटचे नियम बारीक अक्षरांत दडलेले असतात. ते मुक्कामाला एकदाच मिळते, रात्रीला नाही, आणि वापरले नाही तर वाया जाते. शिवाय हॉटेलच्या इमारतीतले एखादे रेस्तराँ दुसऱ्याच कंपनीने चालवायला घेतलेले असले तर तिथे ते चालत नाही. एका ठिकाणी असेच झाले : जेवण उरकल्यावर बिल खोलीच्या खात्यात घालता येणार नाही असे कळले, आणि ते रोख वेगळे भरावे लागले. दुसऱ्या एका हॉटेलच्या अंतिम बिलात क्रेडिटची वजावटच नव्हती. रिसेप्शनवरच्या तरुणाने सल्लागाराचा पुष्टीचा ईमेल पाहून दोन मिनिटांत दुरुस्ती केली हे खरे, पण टॅक्सी दाराशी उभी असताना ती दोन मिनिटेही लांबच वाटतात. तेव्हापासून मी निघण्याच्या आदल्या संध्याकाळीच बिल मागवते आणि ओळ न ओळ तपासते. मिनीबार, सेवाशुल्क आणि रिसॉर्ट फी (सोयीसुविधांच्या नावाने वेगळी लावलेली रक्कम) या तिन्ही ओळींवर विशेष नजर ठेवावी.

साखळी हॉटेलांच्या पॉइंट्सच्या मेंबरशिपशी या व्यवस्थेची तुलना अनेक जण करतात. माझ्या मते दोन्हींची क्षेत्रे वेगळी आहेत. मॅरियट बॉनव्हॉयमध्ये प्लॅटिनम श्रेणीसाठी वर्षाला ५० रात्री लागतात आणि वर्ल्ड ऑफ हयातमध्ये ग्लोबलिस्टसाठी ६०. कामानिमित्त सतत हिंडणाऱ्याला हे जमते, सुट्टीपुरता प्रवास करणाऱ्याला नाही. बरे, श्रेणी मिळाली तरी ती सगळीकडे सारखी चालत नाही. मॅरियटच्या प्लॅटिनम सभासदाला त्याच कंपनीच्या रिट्झ-कार्लटनमध्ये मोफत नाश्ता मिळत नाही, आणि श्रेणीबरोबर मिळणारे दुपारी चारचे चेक-आउट रिसॉर्टमध्ये उपलब्धतेवर अवलंबून असते. म्हणजे सुट्टीत जिथे त्याची खरी गरज भासते, नेमकी तिथेच खात्री नाही. फोर सीझन्स आणि अमान यांच्याकडे तर पॉइंट्सची योजनाच नाही. तिथे कार्ड दाखवून काही मिळवण्याचा मार्ग नसल्यामुळे सल्लागाराचे बुकिंग अधिक उपयोगी पडते. हयातच्या प्रिव्हेसारख्या योजनेतून बुकिंग केले तर सल्लागाराचे फायदे मिळून शिवाय पॉइंट्सही जमा होतात, ही गोष्ट बऱ्याच सभासदांच्या गावीही नसते.

निवडीच्या बाबतीत सल्लागाराचा उपयोग झाला, पण तिथेच तिची मर्यादाही दिसली. फोर्ब्स ट्रॅव्हल गाइडचे तारे आहेत, ज्यांची परंपरा १९५८ पासूनची आहे. मिशेलिननेही २०२४ पासून हॉटेलांना दर्जाची खूण म्हणून एक ते तीन किल्ल्या द्यायला सुरुवात केली. हे सगळे हॉटेल चांगले आहे एवढे सांगते. मुख्य इमारतीच्या शेजारची विंग सध्या दुरुस्तीला काढली आहे आणि सकाळी नऊपासून तिथे ड्रिल चालते, हे मात्र नुकताच तिथे पाहुणे पाठवलेला माणूसच सांगू शकतो. माझ्या सल्लागाराने या एका माहितीवर मला तारखा पुढे ढकलायला लावल्या, आणि वर्षभरातला तिचा सर्वांत मोलाचा सल्ला मी हाच मानते. उलटपक्षी, तिच्याकडून येणाऱ्या यादीत छोटी, एकाच कुटुंबाने चालवलेली आणि कमिशन न देणारी हॉटेले जवळपास नसतात. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही, पण कल आहे, आणि तो ओळखून स्वतंत्र शोध घ्यावाच लागतो.

खरा मनस्ताप झाला तो प्रवासाच्या मध्यात बदल करावा लागला तेव्हा. विमान रद्द झाले, पोहोचायला एक दिवस उशीर होणार होता, म्हणून मी हॉटेलला फोन केला. बुकिंग एजन्सीच्या नावावर असल्यामुळे बदल एजन्सीच करू शकेल, असे उत्तर मिळाले. एजन्सीच्या कार्यालयाला त्या दिवशी सुट्टी होती. तातडीच्या क्रमांकावरचा माणूस नम्र होता, पण त्याला माझ्या बुकिंगचा तपशील सापडेपर्यंत तासभर गेला. पहिली रात्र फुकट जाणार नाही आणि ‘पाहुणा आलाच नाही’ असे समजून उरलेला मुक्काम रद्द होणार नाही, एवढे लेखी घेईपर्यंत जिवात जीव नव्हता. थेट बुकिंग असते तर हे काम एका फोनवर झाले असते. त्यामुळे विमानतळाजवळची एक रात्र, कामाचा मुक्काम किंवा तारखा डळमळीत असलेला प्रवास यांसाठी मी पुन्हा हॉटेलच्या संकेतस्थळावरच येते. तिथे सभासदांना मिळणारा सवलतीचा दर आणि अ‍ॅपवरून तारखा बदलण्याची सोय मला नाश्त्याहून महत्त्वाची वाटते.

दराबाबतही एक सावधगिरी हवी. आगाऊ पूर्ण पैसे भरून मिळणारा, रद्द केल्यास पैसे परत न देणारा स्वस्त दर या योजनांत सहसा बसत नाही, म्हणून तुलना करताना त्या दरात रोजच्या नाश्त्याची किंमत मिळवून पाहावी. दोन-तीन रात्रींच्या मुक्कामात क्रेडिट आणि नाश्ता मिळून फरक भरून निघतो. आठवडाभराच्या मुक्कामात क्रेडिट तेवढेच राहते आणि आगाऊ दराची बचत मात्र रात्रीगणिक वाढते. ‘चौथी रात्र मोफत’सारखी सवलत काही वेळा योजनेच्या फायद्यांबरोबर मिळते. ती असेल तर सल्लागार आपणहून सांगेल असे गृहीत धरू नये, विचारावे. ऐन हंगामात किमान रात्रींची अट असते, पूर्ण रक्कम आधी मागितली जाते आणि रद्द करण्याची मुदत महिनाभर किंवा त्याहूनही आधी संपते. ही मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार मोजली जाते, तेव्हा वेगळ्या कालपट्ट्यात राहणाऱ्याने शेवटच्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत न थांबता आदल्या दिवशीच सल्लागाराला लेखी कळवावे आणि रद्द केल्याचा क्रमांक मागून घ्यावा.