सहावी ते आठवीसाठीचा करिअर मार्गदर्शन उपक्रम : एका शिक्षकाचा अभिप्राय

आमच्या जिल्हा परिषद शाळेत आठवीपर्यंतचेच वर्ग आहेत आणि पुढचे हायस्कूल सहा किलोमीटरवर आहे. एका स्वयंसेवी संस्थेने मागील वर्षी आमच्या सहावी ते आठवीच्या मुलांसाठी चार दिवसांचा करिअर मार्गदर्शन उपक्रम विनामूल्य राबवला, त्याविषयीचे हे मत आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळा भरवून मुलांना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या हाताखाली काम करू द्यावे, असे सुचवले आहे. संस्थेने आपला उपक्रम याच दिवसांत बसवला, हे योग्य झाले.

पहिल्या दिवशीची कल चाचणी, म्हणजे मुलाचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे हे पाहणारी चाचणी, मात्र मला पटली नाही. राज्यात 2016 पासून कलमापन सुरू झाले तेही दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी होते. तेराव्या वर्षी, ज्या मुलाने गावाबाहेरचे एकही काम पाहिलेले नाही, त्याच्या अहवालावर एकाच क्षेत्राचे नाव छापून देणे घाईचे आहे, कारण पालक तो कागद निकालासारखा जपून ठेवतात.

व्यवसायांची चित्रकार्डे सुबक होती, मुलांनी ती आवडीने हाताळली. आठवीतल्या एका मुलीने परिचारिकेचे कार्ड वाचले, उलटवून पाहिले आणि म्हणाली, "सर, मागं कोरंच आहे." तिला हवे होते ते नेमके तिथेच नव्हते : बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम (सहायक परिचारिका) अभ्यासक्रम असतो, कला शाखेतूनही तो करता येतो, एवढ्या दोन ओळी. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी अनुत्तीर्ण मुलालाही प्रवेश मिळतो, दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका असते, हेही कोणत्याच कार्डावर नव्हते. आमच्या मुलांचा प्रश्न काय व्हायचे एवढाच नसतो. आठवीनंतर कुठे जायचे, कसे जायचे आणि खर्च किती, हा तो असतो.

तिसऱ्या दिवशी संस्थेने आरोग्य उपकेंद्रातील एएनएम ताईंना आणि शेजारच्या गावातील वायरमनला बोलावले, तो दिवस सर्वांत मोलाचा ठरला. ताईंनी त्याच मुलीला स्टेथोस्कोप कानाला लावायला दिला, आपली गुणपत्रिका दाखवली आणि गणितात किती गुण पडले होते तेही मोकळेपणाने सांगितले. त्यानंतर जवळजवळ तासभर प्रश्न थांबले नाहीत.

वेळेचे गणित मात्र चुकले. उपक्रम जानेवारीत झाला, तोपर्यंत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत संपली होती. सातवीत किमान 55 टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींसाठी 50) आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल, तर आठवीतला विद्यार्थी ही परीक्षा देऊ शकतो. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. मुलींना एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. आमच्याकडे शाळा सुटण्याचे कारण बहुतेक वेळा पैसा आणि अंतर हेच असल्यामुळे या दोन गोष्टी पालकसभेत पहिल्या दहा मिनिटांतच सांगायला हव्या होत्या.

इतर शाळांनी हा उपक्रम अवश्य घ्यावा, परंतु जुलैमध्ये, आणि कल चाचणीचा दिवस वगळून तो वेळ स्थानिक व्यावसायिकांना द्यावा. आम्ही संस्थेला तसे लेखी कळवले आहे. कार्डांच्या कोऱ्या बाजूवर प्रवेशाची अट, कालावधी आणि जवळच्या संस्थेचे नाव आठवीच्या मुलांनीच चौकशी करून लिहायला घेतले असून आतापर्यंत बावीस कार्डे पूर्ण झाली आहेत.