थोरल्याची असेंब्ली, धाकट्याचं चॅपेल

मुलाला पाचवीला बेळगावातच ठेवायचं की चॅपेल (शाळेतलं छोटं चर्च, आणि तिथली प्रार्थनाही) असलेल्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, बोर्डिंगला घालायचं, असं खानापूर-निपाणीकडचे बरेच जण विचारतात. माझ्या घरी दोन्ही झालंय. थोरला दहावीपर्यंत इथेच शिकला, धाकट्याचं बोर्डिंगमधलं हे चौथं वर्ष. फी, निकाल, मैदान तुम्ही पाहिलंच असेल. मी मुलाच्या मनाला आधार कुठे मिळतो तेवढंच सांगतो.

आपली बेळगावची सेंट पॉल्स शाळा जेझुइटांची, म्हणजे कॅथलिक. मी म्हणतोय त्या शाळा पुण्याच्या बिशप्स (१८६४) किंवा बेंगळुरूच्या बिशप कॉटन (१८६५) यांच्या परंपरेतल्या. मुलं सगळ्या धर्मांची, आणि चॅप्लेन म्हणजे शाळेचाच पाद्री.

थोरल्याच्या शाळेत समुपदेशक बाई होत्या, मनापासून काम करणाऱ्या. नववीत परीक्षेच्या धास्तीने तो जेवेनासा झाला तेव्हा त्यांनीच सावरलं. ते चॅपेलने झालं असतं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्याकडे मूल जायचं ते बिघडल्यावर. रोज सगळ्यांच्या वाट्याला यायची ती असेंब्ली, आणि तिथेच माझं मन उडालं. प्रार्थना संपते न संपते तोच माइक खरखरायचा: फी थकलेल्यांनी पुढे या. एका मुलाचे वडील वारले, आणि पंधरा दिवसांत त्याचंही नाव त्या यादीत वाचलं गेलं. थोरला त्या दिवशी घरी आला आणि दप्तर पाठीवरून न काढताच पायरीवर बसून राहिला.

धाकट्याचं चॅपेल वीसेक मिनिटांचं. एक गीत, बायबलमधला उतारा, चॅप्लेनचे चार शब्द, मग प्रार्थना. सूचना नाहीत. गेल्या पावसाळ्यात माझी आई दवाखान्यात होती. धाकट्याने चिठ्ठीवर तिचं नाव लिहून दाराजवळच्या पेटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी चॅप्लेननी ते मोठ्याने वाचलं. "बाबा, त्यांना आजीचं नाव नीट म्हणता आलं नाही, पण सगळे गप्प उभे राहिले," हे त्याने फोनवर मला दोनदा सांगितलं. आठवड्याने जेवणाच्या रांगेत त्यांनी त्याला थांबवून विचारलं, आजी कशी आहे? आई रोज हरिपाठ म्हणणारी. ऐकून म्हणाली, "देव कुणाचा का असंना, नाव तर घेतलं न्हवं."

धर्मांतराची भीती आमच्याही घरात बोलली गेली. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेला बसवता येत नाही. इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्याने शाळेतली रोजची उपासना सक्तीची केली, तरी मुलाला त्यातून बाहेर ठेवायचा हक्क पालकांना दिला. प्रवेशाच्या वेळी शाळेला हे स्पष्ट विचारा. धाकटा अजूनही आमच्याबरोबर आषाढी एकादशी करतो.

उणं आहेच. गीतं इंग्रजी, मराठी कानावर पडतं ते सुटीतच. नववी-दहावीची पोरं मागच्या बाकांवर पेंगताना मी पाहिलीत. मूल हळवं असेल, घर सोडून राहणारं नसेल, तर बेळगावच बरं. आणि चॅपेल कितीही सुंदर असलं तरी समुपदेशक नसलेली शाळा मी घेणार नाही. शिवाय हा माझ्या दोन मुलांपुरता अनुभव. तुमचा वेगळा असू शकेल.

फॉर्म भरण्याआधी एका सकाळी चॅपेलमध्ये मागे बसून या, आणि एकदा इथल्या असेंब्लीच्या वेळी गेटाशी उभे राहा. पुतण्याचा फॉर्म आम्ही बोर्डिंगचाच आणलाय.