ड्रॉपसेन्स ११० कार्बन पट्टी: पाण्यातलं शिसं आणि कॅडमियम मोजायला घ्यावी का?

शिसं आणि कॅडमियम यांच्यासाठी जरूर घ्यावी. आर्सेनिक किंवा पाऱ्यासाठी घेऊ नये. आणि पाण्यात बुडवली की आकडा येईल अशी अपेक्षा असेल, तर कुठल्याच धातूसाठी घेऊ नये.

मेट्रोहम ड्रॉपसेन्सची डीआरपी-११० ही ३३ × १० मिमीची, अर्धा मिमी जाडीची सिरॅमिक पट्टी आहे. तिच्यावर शाईने छापलेले तीन इलेक्ट्रोड असतात: ४ मिमी व्यासाचा कार्बनचा कार्यकारी इलेक्ट्रोड, कार्बनचाच सहायक आणि चांदीचा संदर्भ इलेक्ट्रोड. डब्यात ७५ पट्ट्या येतात. बाहेर जाऊन मोजायचं असेल तर पामसेन्सचा सेन्सिट स्मार्ट हा फोनला जोडायचा छोटा पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं उपकरण) सोयीचा पडतो. मात्र तो थेट फोनमध्ये खोचला तर पट्टी ढवळत्या द्रावणात धरणं अवघड जातं, म्हणून यूएसबी-सीची एक्स्टेन्शन केबल हवीच. पट्टीची टोकं कनेक्टरमध्ये कोणत्या क्रमाने बसतात तेही आधी तपासावं. पट्टी उलटी गेली तर संदर्भ आणि सहायक यांची अदलाबदल होते आणि आलेख निरर्थक येतो.

कार्बनच्या जोडीला बिस्मथ हा धातू लागतो. पूर्वी हे काम पाऱ्याचा थर करायचा. जोसेफ वांग यांच्या गटाने २००० साली बिस्मथचा थर वापरून दाखवला आणि पाऱ्याची कटकट बरीचशी संपली. नमुन्यात थोडं बिस्मथ टाकायचं आणि ऋण विभव (व्होल्टेज) द्यायचं. बिस्मथ, शिसं आणि कॅडमियम एकत्रच पट्टीवर साचतात. मग विभव धन दिशेने नेलं की एकेक धातू आपापल्या जागी विरघळतो आणि आलेखावर त्याच्या प्रवाहाचं शिखर दिसतं.

बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, घरचंच करावं. एक लिटरसाठी ३७ मिलि ग्लेशियल ॲसिटिक आम्ल, ४८ ग्रॅम सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट आणि ७४.६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घ्यावं. पीएच मीटरवर बघून ४.५ ला आणावा. ९ मिलि नमुना, १ मिलि हे बफर आणि १००० मिग्रॅ/लिटर बिस्मथ प्रमाण द्रावणाचे (तीव्रता नेमकी माहीत असलेल्या द्रावणाचे) ५ मायक्रोलिटर, म्हणजे बिस्मथ लिटरमागे सुमारे ५०० मायक्रोग्रॅम. बिस्मथ आयत्या वेळी टाकावं. मिश्रण करून ठेवलं तर क्लोराइडमुळे बिस्मथचा ऑक्सिक्लोराइड गढूळ होऊन खाली बसू लागतो.

पोटॅशियम क्लोराइडला फाटा देऊ नका. चांदीचा छापील संदर्भ इलेक्ट्रोड हा पट्टीचा सर्वांत कच्चा भाग आहे, कारण त्याचं विभव द्रावणातल्या क्लोराइडवर ठरतं. एका बोअरवेलच्या पाण्यात क्लोराइड ५० मिग्रॅ/लिटर आणि दुसऱ्यात ५०० असेल, तर शिखरं जवळपास ५९ मिलिव्होल्टने सरकतात. वरच्या बफरने क्लोराइड सुमारे ३,५०० मिग्रॅ/लिटर होतं आणि नमुन्याचा स्वतःचा फरक त्यात बुडून जातो.

विभव उणे १.२ व्होल्ट, ढवळत १२० सेकंद. ढवळणं थांबवून १० सेकंद. मग विभव धन दिशेने नेताना स्क्वेअर वेव्ह (चौकोनी स्पंदनं), २५ हर्ट्झ, अँप्लिट्यूड २५ मिलिव्होल्ट, पायरी ५ मिलिव्होल्ट. कॅडमियम उणे ०.८५ च्या आसपास दिसतं, शिसं उणे ०.६ च्या. शेवटी अधिक ०.२ व्होल्टवर ३० सेकंद ढवळत पट्टी साफ करायची. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढायची गरज पडत नाही, आणि बाहेर काम करताना ही फार मोठी सोय आहे. पट्टीच्या चांदीच्या टोकांना मात्र पाणी लागता कामा नये.

फोनवरचं ॲप शिखराची उंची दाखवतं, पण ती म्हणजे निकाल नव्हे. पट्टीगणिक संवेदनशीलता बदलते, नमुन्यागणिकही. त्यामुळे प्रमाण द्रावणाची भर घालूनच मोजावं. शिसं १० आणि कॅडमियम ३ मिग्रॅ/लिटर असलेलं मिश्र द्रावण करून ठेवा. त्याचे १० मायक्रोलिटर १० मिलिमध्ये टाकले की सेलमधलं (मोजणीच्या भांड्यातलं) शिसं १० आणि कॅडमियम ३ मायक्रोग्रॅम/लिटरने वाढतं. आयएस १०५०० या भारतीय मानकातल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादा नेमक्या याच आहेत, त्यामुळे नमुना मर्यादेच्या अलीकडे की पलीकडे ते आलेखावरच दिसतं. समजा शिशाचं शिखर आधी ०.६ मायक्रोॲम्पिअर होतं, दोन भरींनंतर १.६ आणि २.६ झालं. म्हणजे सेलमध्ये ६ मायक्रोग्रॅम, आणि ९ चे १० मिलि केल्यामुळे मूळ नमुन्यात ६.७. सगळ्या भरी एकाच पट्टीवर कराव्यात, पुढच्या नमुन्याला नवी पट्टी घ्यावी.

मोजणी बिघडवणारी मुख्य गोष्ट म्हणजे तांबं. पितळी नळाच्या पाण्यात ते हमखास असतं, बिस्मथशी जागेसाठी झगडतं आणि शिशाचं शिखर खुजं करतं. थोडं पोटॅशियम फेरोसायनाइड, सुमारे ०.१ मिलिमोल/लिटर, तांब्याला बांधून ठेवतं. साबण आणि कुजक्या पालापाचोळ्यातून येणारी ह्युमिक द्रव्यं पट्टीवर लेप चढवतात. शिखर रुंद आणि बसकं दिसलं की आधी हाच संशय घ्यावा. अशा नमुन्याचं आम्लाने किंवा अतिनील किरणांनी पाचन करावंच लागतं, म्हणजे ही द्रव्यं मोडून टाकावी लागतात.

आणखी एक मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. ही पद्धत फक्त मोकळे आणि सैल बांधलेले आयन पाहते. गंजाच्या कणांना चिकटलेलं शिसं तिला दिसत नाही, आणि कमी आलेला आकडा पाहून पाणी सुरक्षित मानलं तर नुकसान पिणाऱ्याचं होतं. नमुना नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेऊन किमान १६ तास ठेवावा. पण पीएच २ च्या जेमतेम खालीच थांबावं. तेवढं आम्ल बफर पचवतं, पीएच ४.३ च्या आसपास येतो. पीएच १ पर्यंत गेलात तर बफर कोलमडतं आणि आधी सोडियम हायड्रॉक्साइडने आम्ल मारावं लागतं.

कोरा नमुना, म्हणजे शुद्ध पाण्यावर हीच सगळी कृती, रोज चालवा. बाटल्या १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवलेल्या हव्यात, पावडर लावलेले हातमोजे जस्त सोडतात.

आर्सेनिकसाठी याच कंपनीच्या सोन्याच्या २२० मालिकेकडे वळावं लागतं. तिथलं रसायन वेगळं आहे आणि वरची कृती जशीच्या तशी लागू पडत नाही.